किंग रँचला जाण्यापूर्वी

ऐतिहासिक स्थळाची भेट म्हटली की महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांपुढे किल्ला उभा राहतो, एखादे लेणे येते, फार तर एखाद्या सरदाराचा पडका वाडा येतो. गुरे चारण्याच्या जागेला इतिहास असावा, तिची गणना राष्ट्रीय स्मारकांत व्हावी आणि ती पाहावयास लोकांनी शेकडो मैलांवरून यावे, ही गोष्ट त्याला प्रथमदर्शनी काहीशी चमत्कारिकच वाटेल. परंतु अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या दक्षिण टोकाशी अशी एक जागा आहे. तिचे नाव किंग रँच. १८५३ साली तिचा पाया घातला गेला, १९६१ साली राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून तिची नोंद झाली, आणि आजही तेथे गुरे चरत आहेत. इतिहास आणि चालू संसार एकाच कुंपणात नांदत असलेली अशी ठिकाणे जगात फार नाहीत.

ह्यूस्टन, ऑस्टिन, डॅलस ह्या टेक्ससमधील शहरांत आज मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली आहेत. पुण्या-मुंबईहून त्यांचे आईवडील हिवाळ्यात चार-दोन महिन्यांसाठी तेथे जातात. ह्यूस्टनचे अवकाशयान केंद्र पाहून झाले, सॅन अँटोनिओचा आलामो पाहून झाला, की पुढे काय पाहावयाचे असा प्रश्न पडतो आणि कोणीतरी किंग रँचचे नाव सुचविते. मंडळी मोटारीत बसतात, चार तासांचा प्रवास करतात, एक फाटक पाहतात, दूरवर पसरलेले काटेरी रान पाहतात, दहावीस तांबडी जनावरे पाहतात आणि ‘एवढ्यासाठी आलो काय?’ असे मनात म्हणत परत फिरतात. दोष त्या जागेचा नसतो. किल्ल्याच्या बुरुजाकडे पाहून त्याचे महत्त्व निदान डोळ्यांना तरी कळते. कुरणाचे तसे नाही. तेथे काय पाहावयाचे हे घरून ठरवून जावे लागते. म्हणून अशा प्रवासाची खरी तयारी सामानाच्या पेटीत होत नाही. ती आधीच्या आठवड्यात, संध्याकाळी घरात बसून, नकाशा उघडून आणि चार गोष्टी समजून घेऊन होते.

पहिली गोष्ट विस्ताराची. किंग रँचचे क्षेत्र सुमारे ८,२५,००० एकर आहे. चौरस मैलांत हा आकडा १,३०० च्या जवळ जातो. संपूर्ण गोवा राज्याचे क्षेत्र ह्याहून थोडेच अधिक आहे. ही जमीन सलग नाही. सांता गर्ट्रूडिस, लॉरेलेस, एन्सिनो आणि नोरियास असे तिचे चार विभाग आहेत. तेव्हा ‘सगळी रँच पाहून येऊ’ हा बेत प्रथमच सोडून द्यावा. सामान्य प्रवाशाला दिसते ते मूळ ठाण्याभोवतीचे, म्हणजे सांता गर्ट्रूडिस विभागातील थोडे क्षेत्र. आणि नीट पाहिले तर तेवढे पुरेसे आहे.

दुसरी गोष्ट मालकीची. स्मारक म्हणून नोंद झाली असली तरी ही जागा सरकारी नाही. मूळ पुरुषाच्या वारसांच्या कंपनीची ती खाजगी मिळकत आहे. आपली मोटार घेऊन मनास येईल तिकडे हिंडावे, कुंपण ओलांडून वासरांची छायाचित्रे घ्यावी, अशी मुभा तेथे नाही. मार्गदर्शकाबरोबर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रस्त्यानेच जावयाचे असते. दिवस आणि वेळा ऋतुमानाप्रमाणे बदलतात. म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करून जागा राखून ठेवणे हे ह्या बेताचे पहिले कलम मानावे.

तिसरी गोष्ट मनाची आहे आणि ती सांगताना आडपडदा ठेवणे बरे नव्हे. रँच म्हणजे गोशाळा नव्हे. तेथील खिल्लारे मांसासाठी पाळली जातात. त्या साऱ्या उद्योगाचा पाया तोच आहे. ज्या घरात वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते, त्या घरातील वृद्ध माणसाला ही गोष्ट तेथे गेल्यावर अचानक कळली तर सबंध दिवस कडू होईल. ज्याला ते पाहवणार नाही त्याने न जावे, ह्यात कमीपणा काहीच नाही. परंतु जो जाईल त्याने हे जाणून जावे, आणि मग यजमानाच्या घरी जसे पाहुण्याने वागावे तसे वागावे. शाकाहारी मंडळींनी शिदोरी बरोबर ठेवावी हे सांगणे नकोच. तो प्रांत गोमांसाच्या भाजलेल्या तुकड्यांसाठी प्रसिद्ध आहे.

आता वाट आणि ऋतू. रँचचे गाव किंग्जव्हिल. मेक्सिकोच्या आखातावरील कॉर्पस ख्रिस्ती ह्या बंदराच्या नैऋत्येस ते सुमारे ४५ मैलांवर आहे, आणि ह्यूस्टनपासून अंतर सुमारे २५० मैल पडते. अक्षांश पाहिला तर हे गाव आपल्या आग्र्याच्या जवळपास बसते. उन्हाळ्यात पारा ३८ अंशांवर चढतो आणि समुद्र जवळ असल्यामुळे हवेत दमटपणा असतो. म्हणून नोव्हेंबर ते मार्च हे महिने उत्तम. त्याच महिन्यांत उत्तरेकडील थंडीतून निघालेले पक्षी ह्या बाजूला उतरतात, आणि पक्ष्यांची हौस असलेल्या माणसाचा प्रवास दुप्पट सार्थकी लागतो. पाय झाकणारे जोडे, डोक्यावर टोपी, आणि पाणी भरपूर, एवढे सामान पुरे. काटे आणि साप दोन्ही तेथे विपुल आहेत. वाट सोडून गवतात पाय टाकू नये.

एवढी सिद्धता झाली की मुख्य प्रश्न उरतो. पाहावयाचे काय? बहुतेक प्रवासी मोठ्या घराकडे धावतात. ते पांढरे, मनोऱ्याचे घर खरोखरच देखणे आहे. जुने लाकडी घर १९१२ साली जळाले आणि त्या जागी हे १९१५ पर्यंत बांधून झाले. पण घर पाहून घराणे कळते, रँच कळत नाही. रँच उभी राहिली ती पाणी, माणसे आणि जनावर ह्या तिहींच्या बळावर. प्रवाशाने आपला दिवस ह्या तिहींत वाटून द्यावा.

प्रथम पाणी. न्युएसेस आणि रिओ ग्रांदे ह्या दोन नद्यांमधील प्रदेशाला जुन्या नकाशांत ‘रानघोड्यांचे वाळवंट’ असे नाव आहे. रिचर्ड किंग हा न्यूयॉर्कमध्ये १८२४ साली आयरिश आईबापांच्या पोटी जन्मलेला मुलगा. त्याला एका जवाहिऱ्याकडे उमेदवारीस ठेवले होते. अकराव्या वर्षी तो तेथून पळाला आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या जहाजात लपून बसला. पुढे तो आगबोटीचा कप्तान झाला आणि रिओ ग्रांदेवर मालाची ने-आण करू लागला. १८५२ साली ब्राउन्सव्हिलहून कॉर्पस ख्रिस्तीच्या जत्रेला घोड्यावरून जाताना, नदीपासून सुमारे १२० मैलांवर त्याला सांता गर्ट्रूडिस नावाचा ओढा लागला. इतक्या वाटेत भेटलेले ते पहिले वाहते पाणी. दुसऱ्याच वर्षी त्याने त्या ओढ्याकाठची १५,५०० एकर जमीन ३०० डॉलरना विकत घेतली. एकरी दोन सेंटसुद्धा पडले नाहीत. नदीवरच्या माणसाने कोरड्या रानात जमीन घेतली ती पाण्याची खूण पाहून, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

परंतु ओढा हा भरवशाचा सोबती नव्हे. ह्या भागात वर्षाकाठी पाऊस सुमारे २५ ते ३० इंच पडतो. पुण्याची सरासरीही ह्याच्या आसपास आहे. फरक इतकाच की पुण्याला मृगापासून हस्तापर्यंत त्याची वाट पाहता येते. तेथे नक्षत्रांचा असा करार नाही. एखादे वर्ष वादळाबरोबर महापूर येतो, नंतर दोन-तीन वर्षे जमीन भेगाळते. १८८५ साली किंग मरण पावला तेव्हा मागे सहा लाखांहून अधिक एकर जमीन आणि पाच लाख डॉलरांचे कर्ज होते. विधवा हेन्रिएटाने कारभार रॉबर्ट क्लेबर्ग ह्या तरुण वकिलाच्या हाती दिला. पुढे तो तिचा जावई झाला. त्याच्या वाट्याला अवर्षणाची ओळीने वर्षे आली. गुरे पाण्यावाचून मरत होती. अखेर १८९९ साली खोल विंधणविहिरीतून पाणी आपोआप उसळून वर आले, तेव्हा त्या कणखर माणसाच्या डोळ्यांतून पाणी आले, अशी आठवण त्या घराण्यात सांगितली जाते. त्या पाण्यावरच पुढचे सगळे उभे राहिले. १९०४ च्या ४ जुलैला किंग्जव्हिलमध्ये पहिली आगगाडी आली आणि ओसाड माळावर शहर वसले. प्रवाशाला कुरणात जागोजाग पवनचक्क्या आणि हौद दिसतील. ते पाहून गाडी पुढे नेऊ नये. दुष्काळी तालुक्यातील ज्या माणसाने विहिरीला पाणी लागल्याचा दिवस पाहिला आहे, त्याला ह्या हौदाचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट माणसे. रँचच्या फाटकावर नाव किंगचे आहे. पण गुरे राखण्याची विद्या किंगपाशी नव्हती. ती मेक्सिकन गुराख्यांपाशी होती. ‘रँच’ हा शब्दच स्पॅनिश ‘रांचो’वरून आला. चित्रपटांतून घराघरांत पोहोचलेले लॅसो, रोडिओ, ब्रोंको हे शब्दही स्पॅनिश भाषेतलेच. घोड्यावरून फास टाकणारा अमेरिकन काउबॉय हा मेक्सिकोच्या वाकेरोचा शिष्य होय.

हे वाकेरो किंगकडे कसे आले ती कथा विलक्षण आहे. १८५४ साली मेक्सिकोच्या तामाउलिपास प्रांतात मोठा दुष्काळ पडला. किंग गुरे विकत घेण्यासाठी क्रुईयास नावाच्या खेड्यात गेला आणि गावची सगळी गुरे त्याने रोखीने घेतली. गुरे हाकीत परत येताना त्याच्या मनात आले, की ह्या गावाने गुरे विकली म्हणजे पोटाचे साधनच विकले. आता ही माणसे करतील काय? तो परत फिरला आणि साऱ्या गावाला आपल्याबरोबर येण्याचे आमंत्रण त्याने दिले. राहावयास घर, खावयास अन्न आणि कामाचा मोबदला मिळेल, असे त्याचे बोलणे होते. गावाने विचार केला आणि शंभरांहून अधिक बायका, पुरुष, मुले गाड्यांवर संसार लादून उत्तरेकडे निघाली. त्यांच्या वंशजांना ‘किनेन्यो’, म्हणजे किंगची माणसे, असे नाव पडले. पिढ्यान्‌पिढ्या बाप-लेक-नातू त्याच रँचवर घोडी शिकवीत, खोगिरे शिवीत, वासरांना डाग देत आले.

ह्या नात्याला काय म्हणावे, ह्याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. कोणी त्यात मायबाप धन्याचे छत्र पाहतात. कोणी म्हणतात, की घर धन्याचे, दुकान धन्याचे, शाळा धन्याची, तेव्हा सोडून जाण्याचे स्वातंत्र्य तरी कितीसे उरले असेल? इनामदाराचे गाव ज्यांनी आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकले आहे त्यांना हा वाद परका वाटणार नाही. दोन्ही बाजूंना आधार आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३ च्या डिसेंबरात, उत्तरेच्या घोडेस्वारांनी किंगच्या घरावर पहाटे छापा घातला. किंग आधीच निसटला होता. घरात त्याची गरोदर पत्नी आणि मुले होती. त्यांच्या राखणीला ठेवलेला फ्रान्सिस्को आल्वाराडो नावाचा किनेन्यो, घरात बायकामुले आहेत, गोळ्या झाडू नका, असे ओरडत बाहेर धावला आणि गोळी लागून मेला. मोठ्या घराच्या परिसरात उभे राहून मनोऱ्याचे छायाचित्र घेताना ह्या माणसाची आठवण झाली तर त्या जागेचे ऋण थोडे तरी फेडल्यासारखे होईल.

जमिनीच्या बाबतीत तर इतिहास आणखी अवघड आहे. ही सारी भूमी स्पॅनिश व मेक्सिकन राजवटींनी दिलेल्या इनामांची होती. १८४८ साली सीमा दक्षिणेकडे सरकली आणि जुने मालक एका रात्रीत परक्या कायद्याखाली आले. काहींनी जमिनी विकल्या, काहींच्या कर्जापायी गेल्या, काहींच्या कज्जात गेल्या, काहींच्या धाकाने गेल्या. किंगने पैसे मोजून खरेदीखते केली हे खरे. पण विकणाऱ्याचा हात कशाखाली अडकला होता, हा प्रश्न खरेदीखतावर लिहिलेला नसतो. १९१५ च्या ऑगस्टात नोरियास ठाण्यावर सशस्त्र टोळीने हल्ला केला. त्या वर्षी सरहद्दीवर सूडाचे थैमान चालले आणि मेक्सिकन वंशाची शेकडो माणसे चौकशीवाचून मारली गेली. टेक्ससच्या विधिमंडळाला १९१९ साली त्याची चौकशी करावी लागली. जमिनीच्या एका जुन्या वाट्याचा तंटा तर एकविसाव्या शतकापर्यंत चालला आणि २००३ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रँचच्या बाजूने निकाल दिला. हे सारे मार्गदर्शकाच्या तासाभराच्या कथनात येईलच असे नाही. म्हणून ते वाचून जावे आणि योग्य वेळ पाहून, सभ्यपणे, विचारावे. प्रश्न घेऊन आलेला पाहुणा कोणत्याही चांगल्या मार्गदर्शकाला आवडतो.

तिसरी गोष्ट जनावर. आणि येथे भारतीय प्रवाशाला अनपेक्षितपणे घरचे माणूस भेटल्याचा प्रत्यय येतो. किंगच्या काळी लांब शिंगांची काटक जनावरे होती. त्यांना मांस थोडे. म्हणून इंग्लंडमधून आलेल्या शॉर्टहॉर्न आणि हेरिफर्ड ह्या जाती आणल्या. पण टेक्ससच्या उन्हात त्या धापा टाकीत, आणि गोचिडांनी त्यांचा जीव घेतला. गोचीड ही तेथे साधी पीडा नव्हती. तिच्या चाव्यातून येणाऱ्या तापाने उत्तरेकडील गुरे मरत, म्हणून टेक्ससच्या गुरांना शेजारची राज्ये वेशीवर अडवीत. हा ताप गोचीडच पसरविते, हे थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १८९३ साली सिद्ध केले. रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डास आणि हिवताप ह्यांचा संबंध दाखविला तो त्यानंतर चार वर्षांनी, १८९७ साली.

उष्णता आणि गोचीड ह्या दोहोंना पुरून उरणारे जनावर कोणते? वशिंडाचा भारतीय बैल. त्याची कातडी सैल, केस आखूड व तुळतुळीत, घाम येण्याची शक्ती अधिक, आणि गोचिडांना तो सहसा दाद देत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अशी जनावरे तुरळक प्रमाणात अमेरिकेत जात होती. १९०६ साली टेक्ससमधील पियर्स नावाच्या रँचच्या व्यवस्थापकाने स्वतः हिंदुस्थानात येऊन गुरे खरेदी केली. न्यूयॉर्कजवळच्या एका बेटावर त्यांना रोगाच्या संशयाने अडकवून ठेवले. काही तेथेच दगावली आणि उरलेली टेक्ससला पोहोचली. १९१८ साली किंग रँचने ह्याच पियर्स रँचकडून ५२ मिश्र वळू विकत घेतले. त्यांच्या अंगी भारतीय रक्त तीन चतुर्थांश वा त्याहून अधिक होते. त्यांचा संकर शॉर्टहॉर्न गाईंशी केला. १९२० साली त्या संकरातून एक गडद तांबडा, धिप्पाड गोऱ्हा जन्मला. त्याच्या खोड्यांवरून त्याला ‘मंकी’, म्हणजे माकड, हे नाव मिळाले. त्याच्याच वंशातून ‘सांता गर्ट्रूडिस’ ही नवी जात स्थिर झाली: पाच अष्टमांश शॉर्टहॉर्न आणि तीन अष्टमांश भारतीय. १९४० साली अमेरिकन सरकारच्या शेतकी खात्याने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. अमेरिकेच्या भूमीवर घडलेली मांसाळ गुरांची ती पहिली जात.

अमेरिकेत भारतीय वंशाच्या ह्या गुरांना ‘ब्राह्मन’ असे नाव आहे. ते नाव ऐकून मराठी माणसाला हसू येईल. पण त्यामागील वंशावळ पाहिली तर हसू मावळून कुतूहल जागे होते. गीर, गुजरातची कांकरेज, आंध्रातील ओंगोल ऊर्फ नेल्लोर, आणि चौथी कृष्णाखोरी, ह्या चार प्रमुख जातींच्या मिश्रणातून अमेरिकन ब्राह्मन जात झाली. कृष्णाखोरी म्हणजे सांगली-मिरजेपासून विजापूरकडे उतरणाऱ्या कृष्णेच्या काठचे जनावर. चिकट काळ्या रानात नांगर ओढण्यासाठी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सांगलीसारख्या संस्थानांच्या आश्रयाने ही जात घडविली गेली. नांगर ओढणारा बैल समुद्र ओलांडून गेला आणि मांसाच्या धंद्याचा आधार झाला, ह्यात अभिमान किती मानावा आणि विषाद किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. परंतु एक गोष्ट निश्चित. खुद्द कृष्णाकाठी ही जात आता विरळ झाली आहे. ज्याच्या गुणांची पारख सातासमुद्रांपलीकडे वंशावळीच्या नोंदी ठेवून झाली, त्याची शुद्ध जोडी आज त्याच्या मायभूमीत शोधून काढावी लागते. तांबड्या सांता गर्ट्रूडिस वळूच्या गळ्याखालची लोंबती पोळी पाहताना हा विचार प्रवाशाच्या मनात आल्यावाचून राहणार नाही.

घरची ओळख एवढ्यावर संपत नाही. झाडीतून एखादे मोठे, करड्या-निळ्या रंगाचे जनावर चौखूर उधळताना दिसेल. ती नीलगाय. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शोभेच्या व शिकारीच्या हौसेने नोरियासच्या बाजूला ती सोडण्यात आली आणि आता दक्षिण टेक्ससमध्ये तिची रानटी प्रजा हजारोंनी वाढली आहे. गंमत अशी, की गोचिडांना तोंड देण्यासाठी आणलेला बैल भारतीय, आणि त्याच गोचिडा अंगावर बाळगून कुंपणे ओलांडणारी नीलगायही भारतीय. सरकारी पशुवैद्यांना तिची डोकेदुखी झाली आहे. आणि ज्या काटेरी झाडीत ती लपते ते मेस्कीट झाड? ते पाहताच सोलापूरकडचा माणूस ‘ही तर आपली वेडी बाभूळ’ असे म्हणेल, आणि तो फारसा चुकणार नाही. वेडी बाभूळ अमेरिकेहूनच इकडे आली. मेस्कीट तिची सख्खी बहीण. गुरे तिच्या गोड शेंगा खातात, शेणातून बी पसरते आणि गवताचे रान काट्यांचे होते. दोन देशांनी एकमेकांना काय दिले त्याचा हिशेब असा एकाच कुरणात मांडलेला दिसतो.

आता हे सारे दिवसात बसवावयाचे कसे? उत्तम बेत दोन दिवसांचा. पहिल्या दुपारी किंग्जव्हिल गाठावे आणि गावातच राहावे. जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या इमारतीत रँचचे संग्रहालय करण्यात आले. ते कोणत्या वेळी उघडे असते ह्याची चौकशी करून ठेवावी. टोनी फ्रिसेल ह्या छायाचित्रकार बाईंनी १९४० नंतरच्या दशकात घेतलेली रँचवरील जीवनाची छायाचित्रे हा त्या संग्रहातील सर्वांत बोलका भाग आहे. किनेन्यो माणसांचे चेहरे तेथे पाहून घ्यावे, म्हणजे दुसऱ्या दिवशी कुरण रिकामे वाटत नाही. रँचचे खोगिरांचे दुकानही गावातच आहे. कातड्याच्या वस्तूंवर उमटविलेला ‘धावता डब्ल्यू’ हा रँचचा डाग तेथे ओळखीचा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर, ऊन चढण्यापूर्वी, रँचवर जावे. बरोबर मुले असतील तर त्यांना असॉल्ट नावाच्या घोड्याची गोष्ट आदल्या रात्री सांगून ठेवावी. शिंगरू असताना पायात खुंटी शिरून त्याचे एक खूर कायमचे वाकडे झाले. चालताना तो लंगडे. तरी त्याच घोड्याने १९४६ साली अमेरिकेतील तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या. त्याला ह्याच रँचवर पुरले आहे. मोठ्यांनी पाणी, माणसे, जनावर हे तीन प्रश्न ध्यानात ठेवावे आणि मार्गदर्शक जे दाखवील ते त्या तिहींपैकी कोणत्या खणात बसते ते पाहत जावे. १९३३ साली तेलकंपनीशी झालेल्या करारामुळे जमिनीखालून मिळालेल्या धनाने रँच कर्जातून कशी सावरली, हेही तेथे कळेल. आज ती केवळ गुरांवर चाललेली नाही, हे जाणून घेणे प्रामाणिकपणाचे होईल.

निघण्यापूर्वी वेळ उरल्यास गावच्या स्मशानभूमीत हेन्रिएटा किंगची कबर पाहावी. १९२५ साली, वयाच्या ९२ व्या वर्षी, ती वारली. त्या वेळी दहा लाखांहून अधिक एकर तिच्या नावावर होते. सुमारे दोनशे किनेन्यो घोडेस्वार दूरदूरच्या विभागांतून, काही दोन-दोन दिवस दौड करीत, आले होते. पेटी खाली सोडल्यावर ते एकामागून एक पुढे झाले, आणि टोपी काढून खाली धरलेल्या हाताने, घोड्यावरूनच, उघड्या कबरीभोवती एकेक फेरा घालून पुन्हा आपल्या कुरणांकडे निघून गेले. त्यांच्यापैकी कोणाच्या मनात माया होती, कोणाच्या मनात कर्तव्य होते, कोणाच्या मनात आणखी काही असेल. त्या कबरीपाशी क्षणभर थांबून प्रवाशाने मोटारीत बसावे. ह्यूस्टनपर्यंतची चार तासांची वाट, घरातील वडील माणसांशी ह्यावर बोलत जाण्यास पुरेशी आहे.